खान्देशात नव्यानं आलेल्या बहिणींचं खाणंपिणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापूस वेचणीला, केळीच्या बागेत, डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात किंवा वीटभट्टीवर कामाला आलेल्या, नाहीतर लग्न होऊन परमुलखातून इथं नांदायला आलेल्या बायांसोबत काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. बचत गटाच्या ताया, अंगणवाडी सेविका, आशाताई, शेतमालक आणि शेजारणी आम्हाला जे विचारतात, त्याची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. या बायांशी बोलताना आम्ही जे वापरतो, तेच लिहिलं आहे.

या बाया येतात तरी कुठून?

सगळ्या एका मुलखातल्या नसतात, म्हणून सगळ्यांना एकच सल्ला देऊन भागत नाही. सातपुड्यातून आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनहून पावरा-बारेला, भिल्ल आदिवासी कुटुंबं रावेर, यावल, चोपडा, शिरपूरच्या पट्ट्यात शेतकामाला उतरतात. जळगावच्या एमआयडीसीत उत्तर प्रदेश-बिहारकडची कुटुंबं खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. आणि काही सुना लांबच्या राज्यातून एकट्याच येतात, सासरच्या घरात त्यांची बोली जाणणारं कुणी नसतं. पहिलीला हिरवी भाजी कुठे उगवते हे तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं. दुसरीला सत्तू (भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ) आणि चोखा (तिकडचं भरीत) हवा असतो. तिसरीला काय हवं हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं.

त्यांना सकस आहार म्हणजे काय ते समजावून सांगायला हवं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आमचं उत्तर स्पष्ट आहे: बहुतेकींना समजावायची गरज नाही. सातपुड्यातल्या बाया गावी असताना ज्वारी-मक्याची भाकर, उडदाची डाळ, रानभाजी खात होत्या. उत्तर प्रदेश-बिहारकडची बहीण डाळ-भात, हरभऱ्याचं सत्तू, मोहरीच्या पानांची भाजी खात होती. बिघडतं ते इथं आल्यावर. म्हणून तक्ते चिकटवून 'हे खा, ते खाऊ नका' सांगण्यात आमचा जीव रमत नाही. तिचं गावचं चांगलं खाणं इथल्या बाजारात, इथल्या पैशात, इथल्या चुलीवर कसं जमेल ते दाखवणं हे खरं काम आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कॅनडा-अमेरिकेत स्थलांतरितांवर झालेल्या अभ्यासांतही पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे. नवी आलेली माणसं तिथल्या लोकांपेक्षा निरोगी असतात आणि वर्षं सरतात तसा तो फायदा ओसरत जातो. पाकीटबंद खाणं आणि गोड पेयं अंगवळणी पडणं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

गावी नीट जेवणारी बाई इथं येऊन चहा-टोस्टवर का राहते?

एकदा सकाळी साडेपाचला मजुरांच्या खोल्यांकडे जाऊन बघा. एक शेगडी, तिच्यावर चहाचं पातेलं. बाजूला टोस्टचा पुडा आणि पोरासाठी पाच रुपयांची बिस्किटं. गाडी सहाला येणार. रात्रीची भाकर उरली असेल तर ती नवऱ्याच्या डब्यात जाते. बाई चहात टोस्ट बुडवून खाते आणि दुपारी एकपर्यंत वाकून कापूस वेचते.

यात आळस कुठेच नाही. पहिलं कारण सरपण आणि गॅस. सुटा गॅस किलोनं भरून घ्यावा लागला की तो महाग पडतो, आणि अख्खी डाळ शिजायला वेळ लागतो. मग बटाटा आणि भात परवडतो, कारण तो लवकर होतो. दुसरं, दळण. गावी जातं असतं किंवा ओळखीची चक्की असते. इथं दोन किलो ज्वारी घेऊन नव्या माणसानं चक्कीवर जायचं म्हणजे संकोच वाटतो. तिसरं, उचल. मुकादमाकडून घेतलेले पैसे फिटेपर्यंत हातात रोकड नसते. मग ज्या दुकानात उधारी चालते तिथलंच खावं लागतं, आणि तिथं भाजी नसते. चौथं, वेळ. काम बारा तासांचं असो की आठ तासांचं, स्वयंपाक, पाणी आणि पोरं तिच्याच वाट्याला.

यातलं एखादं कारण जरी तुम्ही हलवू शकलात, तरी दहा व्याख्यानांपेक्षा जास्त काम होतं. आमच्या ओळखीच्या एका गटानं चक्कीवाल्या दादांशी बोलून ठरवलं की नव्या बायांचं दोन किलोचं दळणही परत पाठवायचं नाही. एवढ्यानंच कितीतरी चुलींवर भाकर परत आली.

डाळ शिजवायला गॅस पुरत नाही म्हणतात. काय सांगावं?

रात्री भिजवायला सांगा. भिजवलेली मटकी, मूग, हरभरे बऱ्याच कमी वेळात शिजतात. मोड आले तर मूग-मटकी कांदा-लिंबू घालून वाफवूनही खाता येते. तूर डाळ अर्धा तास भिजली तरी फरक पडतो. दोघी-तिघींनी मिळून एक कुकर लावायची सवय लागली तर आणखी बरं.

बिहार-यूपीकडच्या बहिणी ज्वारी-बाजरी खात नाहीत. त्यांना कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर कशी पटवायची?

आधी पटवू नका, आधी जेवायला बोलवा.

त्यांच्याकडे लिट्टी आणि चोखा. आपल्याकडे बट्टी आणि भरीत. वांगं त्याही निखाऱ्यावर भाजतात, आपणही भाजतो. त्या मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची घालतात, आपण शेंगदाणे, कांद्याची पात, लसूण-मिरची घालतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिवाळ्यात बामणोद-आसोद्याकडची वांगी बाजारात आली की एक दिवस अंगणात काट्याकुट्या पेटवा आणि त्यांनाही बोलवा. त्यांना चोखा करू द्या, तुम्ही भरीत करा. दोन्ही एकाच ताटात वाढा आणि सोबत कळण्याची भाकर ठेवा. एका जेवणात जे होतं, ते दहा बैठकांत होत नाही.

कळणा का महत्त्वाचा, तेही सांगून ठेवावं. चार भाग ज्वारी किंवा बाजरी आणि एक भाग सालीसकट उडीद, मीठ घालून दळलेलं हे पीठ. कुणी उडीद थोडे जास्तही घालतं. धान्यातल्या प्रथिनात जे कमी असतं ते कडधान्य भरून काढतं. म्हणजे ज्या दिवशी डाळ शिजवायला वेळ नाही, त्या दिवशीही डाळ पोटात जाते. ठेचा आणि तेल घेऊन खाल्ली तरी निव्वळ भातापेक्षा कितीतरी पटीनं बरी. बाजरीत १०० ग्रॅमला साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या तांदळात एकाहूनही कमी.

भाकरी थापता येत नाही ही खरी अडचण असते. गव्हाच्या पिठात थोडं थोडं कळण्याचं पीठ मिसळून पोळी लाटायला सांगा. हात बसला की प्रमाण आपोआप वाढतं. आणि नाहीच आवडली तर हट्ट धरू नका. भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळ्या चक्कीवर दळून घेतल्या की सत्तू घरीच तयार. ते पाण्यात कालवून लिंबू, मीठ, कांदा घालून प्यायलं तर टोस्टपेक्षा केव्हाही चांगलं. सत्तू सोडायला लावून भाकर खायला लावण्यात काहीच शहाणपण नाही.

कमी पैशात सगळ्यात सकस काय?

आमचा क्रम असा: शेंगदाणे, उडीद-मटकी-हरभरे, पालेभाजी, अंडं, गूळ.

मूठभर भाजलेले शेंगदाणे पदरात बांधून कामावर नेता येतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सकाळी टोस्ट सुटत नसेल तर राहू द्या, सोबत शेंगदाणे द्या. अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ते पाच-दहा मिनिटांत उकडून होतं. सातपुड्यातल्या बहुतेक बायांना अंड्याचं वावडं नसतं. वावडं असतं ते कधीकधी घरमालकाला. खोली देतानाच 'अंडं-मटण शिजवायचं नाही' अशी अट घालणाऱ्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे की गरोदर बाईच्या तोंडचा घास या अटीनं जातो.

पालेभाजीत पोकळा, मेथी, अंबाडी, शेपू, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला. शेवग्याच्या पाल्याला तर पैसेच पडत नाहीत. बाजार उठता उठता, संध्याकाळी गेलं की जुड्या निम्म्या भावात मिळतात. नव्या बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्या एक-दोन बाजारांना तिच्यासोबत जा. कोणत्या भाजीवालीकडे माप चांगलं, गंगाफळ (लाल भोपळा) फोडी करून कोण देतं, पाच रुपयांचं लिंबू कुठे मिळतं, हे तिला कळलं की पुढे ती तुमची वाट बघत नाही.

शेतातली रानभाजी खुडून खाल्ली तर चालते का?

बांधावरची, फवारणी न झालेली असेल तर चालते, उत्तमच. पण इथं एक मोठा धोका आहे आणि तो आवर्जून सांगा. डोंगरात वाढलेली बाई तांदुळजा, चिवळ दिसली की खुडते, तो तिच्या हाताचा गुण आहे. कपाशीच्या आणि केळीच्या शेतात मात्र तणनाशक, कीटकनाशक मारलेलं असतं आणि भाजी वरून तशीच हिरवीगार दिसते. कोणत्या वावरात कधी फवारणी झाली, हे मालकानं मजूर बायांना सांगायलाच हवं. तणनाशक मारलेल्या वावरातलं खुडूच नये. वेचणीहून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, हेही त्यातच आलं.

केळीच्या बागेत काम करूनही बाया केळी खात नाहीत. का?

मालक काही म्हणेल ही भीती, आणि केळानं सर्दी होते ही समजूत. समजुतीत तथ्य नाही. भीतीवर उपाय मालकाकडे आहे. पॅकिंगला न चालणाऱ्या, डाग पडलेल्या किंवा मापात न बसणाऱ्या फण्या घरी न्यायला त्यानं मोकळेपणानं सांगावं. केळ्यानं पोट भरतं, दम टिकतो, पोटॅशियम मिळतं. रक्त वाढवायला मात्र केळ्यावर विसंबू नका, लोह त्यात फार नसतं.

चहा बंद करायला सांगावा का?

बंद करायला सांगितलं तर तुमचंच ऐकणं बंद होईल. एवढंच सांगा की जेवणाला आणि चहाला तासाभराचं अंतर असू द्यावं, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जेवणासोबत लिंबू, कैरी, आवळा किंवा मूठभर बोरं असली की लोह चांगलं शोषलं जातं. जळगावच्या मेहरूणची बोरं आहेतच की आपल्याकडे.

'दम लागतो, डोळ्यापुढे अंधारी येते' अशी तक्रार करणारी बाई भेटली तर?

तिला आधी रक्त तपासायला पाठवा, पालकाची भाजी मग सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि त्यात स्थानिकही आल्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. ७ च्या खाली असेल तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. गोळीनं मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून बाया पुडी तशीच उशाखाली ठेवतात. काळी होणं हे नेहमीचंच आहे, घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये, वेगळ्या वेळी घ्यावी.

नंदुरबार-धुळ्याच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा बहिणींच्या बाबतीत सिकलसेलची (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का, तेही विचारा. तो आजार असेल तर लोहाच्या गोळीचं डॉक्टर सांगतील तसंच करायचं.

ती इथली रहिवासी नाही. अंगणवाडीत तिचं नाव घेतील का?

घ्यायला हवं. गरोदर, स्तनदा मातांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीचा आहार मिळतो, आणि त्यासाठी त्या गावची कायमची रहिवासी असण्याची अट नाही. तिचं आधार आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असेल तर काम सोपं होतं. गावच्या अंगणवाडीत आधीच नाव असेल तर सेविकेला तसं सांगा, पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये) नोंद इकडे वळवता येते.

आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं गरम पूर्ण जेवण आहे. अडचण एकच, ते दुपारी मिळतं आणि बाई तेव्हा वावरात असते. अशा वेळी मालकानं तासभर सुट्टी द्यावी, मजुरी कापू नये. एवढी माणुसकी आपल्या भागात नक्की आहे.

रेशन कार्ड गावाकडचं आहे. इथं धान्य मिळेल?

मिळेल. 'एक देश एक रेशन कार्ड' योजना २०२२ पासून देशभर लागू आहे. अन्न सुरक्षा कायद्यातलं कार्ड असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर जळगावच्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. कार्ड इकडे बदलून घ्यायची गरज नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदयाला कुटुंबामागे ३५ किलो, तेही मोफत. निम्मी माणसं गावी असतील तर त्यांचा हिस्सा गावी आणि यांचा इथं, असंही घेता येतं. दुकानदारानं नकार दिला तर १४४४५ या क्रमांकावर विचारा. पहिल्या वेळी सोबत कुणी स्थानिक बाई गेली, की दुकानदारही नीट बोलतो.

घरात सगळ्यात शेवटी जेवते, तिला उरतच नाही. यावर काय करता येतं?

सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे. परदेशी नाही, परप्रांतीय नाही, आपल्याही घरात हेच चालतं. नव्या गावात मात्र ते जास्त जाचतं, कारण माहेरी किंवा शेजारी जाऊन चार घास खायची सोय उरत नाही.

बाईला 'तू आधी जेव' म्हणून सांगितल्यानं काही होत नाही. आम्ही नवऱ्याशी आणि सासूशी बोलतो. पोटात बाळ असताना तिला रोज एका चांगल्या न्याहारीएवढं जास्तीचं अन्न लागतं, ते बाळाचं आहे, हे सांगितलं की बरेचजण ऐकतात. सासूला उपदेश करण्यापेक्षा तिच्या हातात काम द्यावं: सुनेचं ताट तुम्ही वाढा. घरातली मोठी बाई वाढायला बसली की ताटात भाजी येते, हे आम्ही अनेक घरांत पाहिलं आहे. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायची सवय एका घराला लागली, की भोवतालच्या दोन-चार खोल्यांतही ती पोचते.

परमुलखातून आलेल्या सुनेला इथलं तिखट आणि शेवभाजी झेपत नाही. सासूला काय सांगायचं?

मासे-भात खाऊन वाढलेली पोर शाकाहारी घरात आली की तिच्या ताटातली प्रथिनं एकदम कमी होतात. ती काही बोलत नाही, नुसता भात आणि पापड खाते. सासूनं तिला दूध, दही, ताक, जाड वरण रोज द्यावं. फोडणी करण्याआधी वाटीभर वरण बाजूला काढलं तर तिखटाचा प्रश्न मिटतो. आठवड्यातून एकदा तिच्या माहेरची एखादी भाजी तिला तिच्या हातानं करू द्या. कानबाईच्या सणाला रोटासाठी घरातल्या माणसांच्या नावानं धान्याची मूठ घेतो, तेव्हा तिचीही मूठ आपण मोजतो ना? मग रोजच्या स्वयंपाकातही तिची आवड धरायला काय हरकत आहे?

शेवभाजीबद्दल थोडक्यात: ती चवीनं खायची गोष्ट आहे. तेल, मीठ आणि तळलेली शेव रोज नको.

उन्हाळ्यात काय बदलावं?

भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि डोंगरातून आलेल्या बाईला हे ऊन नवं असतं. लघवीला जागा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यामुळे आधी आडोशाची सोय, मग पाण्याचा माठ. ताक, कैरीचं पन्हं, सत्तूचं पाणी घ्यावं. थंडगार बाटलीबंद पेयांनी तहान भागत नाही, पैसे मात्र जातात. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

भाषा येत नाही, बोलायचं कसं?

एकमेकींच्या चुलीशी बसून. पावरी, निमाडी, भोजपुरी शिकायला वेळ लागतो, कांदा चिरायला लागत नाही. तिच्याच मुलखातली, इथं चार वर्षं राहिलेली एखादी बाई शोधा आणि पुढचं काम तिच्यावर सोपवा. तिचा शब्द तुमच्या-आमच्या शब्दाहून जास्त चालतो.

हंगाम संपला, ती निघाली. आता?

निघायच्या आधी अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना कळवा. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचा कागद आणि उरलेल्या गोळ्या तिच्या पिशवीत आहेत का, बघा. महिना संपायच्या आत रेशन उचलून घ्या. प्रवासाला शेंगदाणे-गूळ आणि दोन दिवस टिकणाऱ्या दशम्या द्या. आणि ती पुढे जिथं जाणार त्या गावची आशा कोण, तिचा फोन मिळाला तर तो कार्डावर मागच्या बाजूला लिहून ठेवा.